अमेरिकेत ‘अनडिक्लेअर्ड’ प्रवेश आणि पुढे मेडिकलचा विचार : मुख्य विषय आधी ठरवावा का?

त्रिमूर्तीनगरवासी (प्रश्न)

नमस्कार. मी नागपूरची असून यंदा राज्य मंडळाची बारावी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित हे चारही विषय घेऊन उत्तीर्ण झाले. नीटमध्ये पात्रतेपुरते गुण मिळाले, परंतु आपल्या मेडिकलला किंवा मेयोला (नागपूरच्या दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना) प्रवेश मिळण्याइतके नाहीत, आणि खाजगी महाविद्यालयाच्या शुल्काचा आकडा ऐकल्यावर तो विषय आमच्या घरी पुन्हा निघाला नाही. दरम्यान अमेरिकेतील एका खाजगी विद्यापीठात मला पदवीसाठी प्रवेश मिळाला असून शुल्काचा बराच भाग शिष्यवृत्तीतून भागणार आहे. ऑगस्टमध्ये निघायचे आहे.

प्रवेशपत्रावर माझ्या नावापुढे ‘अनडिक्लेअर्ड’, म्हणजे मुख्य विषय अद्याप जाहीर न केलेली, अशी नोंद आहे. अर्ज भरताना जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र यांपैकी एकाची निवड मला करता आली नाही, म्हणून मी तो रकाना मोकळा ठेवला होता. डॉक्टर व्हायचेच असे माझे पक्के नाही, पण तो विचार मनातून गेलेलाही नाही. (नातेवाइकांना ‘काय शिकायला चाललीस?’ या प्रश्नावर ‘अजून ठरलेले नाही’ असे उत्तर दिले की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो, ते सोडा.)

माझी अडचण अशी आहे की विद्यापीठाने पहिल्या सत्राचे विषय निवडायला सांगितले आहेत. प्रयोगशाळेसह सामान्य रसायनशास्त्र, कॅल्क्युलस, अर्थशास्त्राची ओळख आणि प्रथम वर्षाच्या सर्वांना सक्तीचा असलेला लेखनाचा वर्ग, अशी यादी मी तयार केली आहे. तीत जीवशास्त्रही घालावे काय? मुख्य विषय जाहीर न करता गेल्याने पुढे तेथील मेडिकलच्या प्रवेशात अडथळा येतो काय? आईचे म्हणणे असे की डॉक्टर होण्याची थोडी जरी इच्छा असेल तर एक वर्ष ड्रॉप घेऊन नीट पुन्हा द्यावी, अमेरिकेचा नाद सोडावा. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

धरमपेठ_ते_ओहायो

मी तेथे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझीही वाटचाल मेडिकलच्याच दिशेने चालू आहे, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट अशी की अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकल नसते, आधी चार वर्षांची पदवी करावी लागते आणि मग चार वर्षांचे एमडी, म्हणजे आपल्या एमबीबीएससारखी तेथील मूळ वैद्यकीय पदवी. ज्याला तेथे ‘प्रीमेड’ म्हणतात तो मुख्य विषय नसून एक वाट आहे. बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय प्रत्येकी साधारण एक वर्ष, प्रयोगशाळेसह, आणि त्यावर जीवरसायनशास्त्र झालेले असावे अशी अपेक्षा ठेवतात. संख्याशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि इंग्रजी लेखन हेही उपयोगी पडतात. हे सारे पूर्ण करून तुम्ही पदवी अर्थशास्त्राची घेतलीत तरी कोणाचीही हरकत नसते. मुख्य विषय साधारणपणे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करावा लागतो, त्यामुळे ‘अनडिक्लेअर्ड’ या नोंदीचा मेडिकलच्या अर्जाशी काही संबंध येत नाही. अर्ज करताना ती नोंद उरलेलीच नसते.

संबंध येतो तो विषयांच्या क्रमाचा. सामान्य रसायनशास्त्र झाल्याशिवाय सेंद्रिय रसायनशास्त्राला बसू देत नाहीत आणि सेंद्रिय झाल्याशिवाय जीवरसायनशास्त्राला, म्हणजे पहिल्या वर्षी रसायनशास्त्र राहून गेले की पुढचे सगळे एक-एक वर्षाने सरकते. एमकॅट ही प्रवेशपरीक्षा साधारणपणे तिसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात देतात, त्याच उन्हाळ्यात अर्ज भरतात, पुढचे वर्ष मुलाखतींमध्ये जाते आणि त्यानंतरच्या ऑगस्टच्या सुमारास प्रवेश होतो. पदवीनंतर एखादे वर्ष नोकरी किंवा संशोधन करून मगच अर्ज करणारेही पुष्कळ आहेत, त्यामुळे घाईची गरज नाही. पण रसायनशास्त्र पहिल्याच सत्रात घ्या. जीवशास्त्र दुसऱ्या सत्रात किंवा दुसऱ्या वर्षी घेतले तरी चालते. दोन प्रयोगशाळा, कॅल्क्युलस, नवा देश आणि लेखनाचा वर्ग हे सारे एकाच सत्रात अंगावर घेऊ नका, कारण तेथे गुण पुसले जात नाहीत. एखादा विषय पुन्हा घेतला तरी मेडिकलच्या सामायिक अर्जात दोन्ही वेळचे गुण धरले जातात, शिवाय जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांची सरासरी वेगळी काढली जाते.

बारावीच्या प्रयोगवहीची सवय असेल तर ती येथेच सोडून जा. आपल्याकडे जर्नल शेवटच्या आठवड्यात शेजारच्याचे पाहून उतरवले तरी सही मिळते. माझ्या विद्यापीठात रसायनशास्त्राच्या प्रयोगाला बांधीव वही असे आणि तीत पेनानेच लिहावे लागे. आकडा चुकला तर खोडरबर किंवा पांढरी शाई न वापरता त्यावर एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा, म्हणजे चुकलेलाही वाचता आला पाहिजे, आणि बाहेर पडण्यापूर्वी त्या पानाची कार्बन प्रत फाडून प्रयोगशाळेतील सहायकाच्या हाती द्यायची. दुपारी सुरू झालेला तास संध्याकाळपर्यंत चालतो. वेळापत्रक आखताना हे लक्षात घ्या.

एमकॅटविषयी एवढेच सांगतो की ती नीटसारखी पाठांतरावर निघणारी परीक्षा नाही. मधल्या सुट्ट्या धरून सुमारे साडेसात तास बसावे लागते, चार विभाग असतात आणि गुण ४७२ ते ५२८ या पट्टीवर मिळतात. त्यांतील एका विभागात विज्ञान अजिबात नसते; तत्त्वज्ञान, इतिहास, कला, समाजशास्त्र अशा विषयांवरचे उतारे वाचून त्यांवरील प्रश्न सोडवायचे असतात. आपल्याकडून गेलेली मुले अडखळतात ती बहुधा येथेच. तुमच्या अर्थशास्त्राच्या आणि लेखनाच्या वर्गाचा फायदा होईल तोही येथेच.

मेडिकलचौक_डॉक्टर

वरील उत्तरात काही चुकीचे नाही, परंतु सर्वांत आधी विचारायचा प्रश्न त्यात आलेला नाही. बेटा, तुझा पासपोर्ट कोणता आहे? तू भारतीय नागरिक असून विद्यार्थी व्हिसावर जाणार आहेस, की तुझा जन्म तिकडचा आहे, किंवा आई-वडिलांपैकी कोणामुळे तुला ग्रीन कार्ड मिळण्यासारखे आहे? याचे उत्तर मिळाल्याखेरीज मुख्य विषयाची चर्चा करण्यात फारसा अर्थ नाही.

त्रिमूर्तीनगरवासी

सर, मी भारतीय नागरिक आहे आणि एफ-१ व्हिसावर जाणार आहे. माझी मावशी तेथील नागरिक आहे आणि सुट्ट्यांमध्ये तिच्याकडे राहता येईल, परंतु आई-बाबा दोघेही येथेच आहेत.

मेडिकलचौक_डॉक्टर

मग मावशीच्या नागरिकत्वाचा तुला प्रवेशासाठी काही उपयोग नाही. आता जरा सविस्तर लिहितो. मी नागपूरच्या मेडिकलमधून एमबीबीएस होऊन नंतर अमेरिकेत अंतर्वैद्यकशास्त्राची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षण, पूर्ण केली आणि सध्या तेथेच काम करतो, त्यामुळे दोन्हीकडचे थोडेफार पाहिलेले आहे.

अमेरिकेत एमडी देणारी दीडशेहून अधिक वैद्यकीय महाविद्यालये आहेत, परंतु त्यांतील बहुसंख्य महाविद्यालये परदेशी नागरिकांचा अर्ज विचारातच घेत नाहीत, मग त्याने पदवी अमेरिकेतच का घेतलेली असेना. राज्यांच्या सार्वजनिक महाविद्यालयांत जागा मुख्यतः त्या-त्या राज्यातील रहिवाशांसाठी असतात. उरतात ती काही मोजकी, बहुतांशी नामांकित खाजगी महाविद्यालये, जेथे स्पर्धा मुळातच सर्वांत तीव्र आहे. त्यापुढे पैशाचा प्रश्न येतो. खाजगी महाविद्यालयातील चार वर्षांचा एकूण खर्च सर्वसाधारणपणे तीन लाख डॉलरच्या वर जातो, अमेरिकेच्या केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही, खाजगी कर्जासाठी बहुतेक वेळा तेथील नागरिक हमीदार म्हणून लागतो, आणि काही महाविद्यालये तर एक किंवा अधिक वर्षांचे, कधी चारही वर्षांचे पैसे आगाऊ खात्यात ठेवल्याचा पुरावा मागतात. तुझी पदवीची शिष्यवृत्ती तेथे पुढे चालत नाही.

हे मी तुला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. दरवर्षी थोडे का होईना, असे विद्यार्थी घेतले जातात. परंतु ‘मुख्य विषय कोणता’ याची चिंता करत तीन वर्षे काढायची आणि पासपोर्टचा अडसर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी अर्ज भरताना पहिल्यांदा कळायचा, असे होताना मी पाहिले आहे. तो मुलगा हुशार होता, गुणही उत्तम होते; त्याच्या विद्यापीठातील सल्लागाराने त्याला कधी सांगितलेच नव्हते, कारण त्यांच्यासमोर येणारे बहुतेक विद्यार्थी नागरिकच असतात आणि हा प्रश्न त्यांच्या ध्यानात येत नाही.

म्हणून जाण्यापूर्वीच विद्यापीठाच्या आरोग्य-अभ्यासक्रम सल्लागाराला ई-मेल कर आणि नेमके असे विचार की गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडील एफ-१ व्हिसावरील किती विद्यार्थ्यांनी एमडीसाठी अर्ज केले, किती जणांना प्रवेश मिळाला आणि कोणत्या महाविद्यालयांत. ‘आमच्या ऐंशी टक्के विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो’ अशा स्वरूपाच्या एकूण आकड्यावर समाधान मानू नकोस. काही विद्यापीठे अर्जासोबत समितीचे शिफारसपत्र देतात आणि ज्यांचे गुण कमी त्यांना ते पत्र नाकारतात. मग जे अर्ज करतात त्यांचे प्रमाण आपोआपच चांगले दिसते.

दुसरी वाट म्हणजे मी गेलो ती : भारतात एमबीबीएस, मग यूएसएमएलई या अमेरिकेतील वैद्यकीय परवान्याच्या परीक्षा, परदेशी पदवीधरांना लागणारे ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र आणि मॅचमधून, म्हणजे उमेदवार व रुग्णालये यांच्या पसंतीची जुळणी करणाऱ्या पद्धतीतून, रेसिडेन्सी. येथे साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांत पदवी हाती येते, खर्च त्या मानाने फारच कमी, आणि रेसिडेन्सीत पगार मिळतो. तीही सोपी नाही. यूएसएमएलईचा पहिला टप्पा जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा झाल्याने परदेशी पदवीधरांना वेगळे उठून दिसण्याचे एक साधन गेले, आणि जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसावर रेसिडेन्सी केली तर सवलत न मिळाल्यास दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. तरीही निव्वळ ‘अमेरिकेत डॉक्टर व्हायचे’ हाच हेतू असेल, तर भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलीला माझ्या मते हीच वाट अधिक भरवशाची आहे. तुझा हेतू तोच आहे की नाही, हे मात्र तुझ्या प्रश्नावरून मला कळलेले नाही. जीवशास्त्र की अर्थशास्त्र अशा पेचात असलेल्या मुलीचा तो असेल असे वाटत नाही. आणि तो नसेल, तर केवळ आईच्या आग्रहाखातर ड्रॉप घेऊ नकोस.

प्राणिशास्त्र_मॅडम

मी नागपुरातील एका विज्ञान महाविद्यालयात शिकवते आणि ड्रॉप घेतलेली मुले माझ्या वर्गात दरवर्षी नाव घालून ठेवतात, म्हणून त्या बाजूने लिहिते.

डॉक्टरसाहेबांनी दोन वाटा मांडल्या, परंतु एक वाट निवडली की दुसरी कायमची बंद होते असा तुझा समज होऊ नये. नीटला कमाल वयोमर्यादा नाही, बारावीचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र तुझ्या हाती आहे आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असून अधिवास प्रमाणपत्रही असेल तर राज्याच्या ८५ टक्के जागांवरील तुझा हक्क अमेरिकेला जाऊन आल्याने जात नाही. कागदोपत्री हे असे आहे. प्रत्यक्षात मात्र दोन वर्षे कॅल्क्युलस आणि निबंधलेखन करून आल्यावर १८० प्रश्न १८० मिनिटांत सोडवण्याचा हात राहत नाही, आणि तो पुन्हा बसवायला पूर्ण वर्ष द्यावे लागते. तेव्हा ‘जाऊन बघते, नाही जमले तर नीट देईन’ हा बेत शक्य असला तरी स्वस्त नाही. ड्रॉपविषयी आईला एवढेच विचार की या वर्षी गुण कोणत्या विषयात गेले. भौतिकशास्त्रात गेले असतील आणि कारण सरावाचा अभाव हे असेल, तर वर्षभरात फरक पडतो. तिन्ही विषयांत सारखेच गेले असतील, तर दुसऱ्या वर्षी गुणांत मोठी उडी मारणारी मुले मी थोडीच पाहिली आहेत.

आणखी एक. तू उन्हाळ्यात घरी येशील तेव्हा येथील रुग्णालयांत अनुभव घ्यावा असे तुला कोणी ना कोणी सुचवेलच, आणि ओळखीचे डॉक्टर काका ‘ये, टाके घालायला शिकवतो’ असेही म्हणतील. ते करू नकोस. प्रशिक्षण नसलेल्या विद्यार्थ्याने रुग्णाला सुई टोचणे हे येथे कोणाला फारसे खटकत नसले, तरी अमेरिकेतील प्रवेश समित्यांना ते उघड गैरवर्तन वाटते, आणि तसे मार्गदर्शन त्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनेही केलेले आहे. त्याऐवजी परवानगी घेऊन बाह्यरुग्ण विभागात नुसती बसून पाहा. सकाळी केसपेपरच्या खिडकीसमोर गडचिरोली-भंडाऱ्याकडून रात्रीच्या गाडीने आलेली माणसे उभी असतात. त्यांतील किती जण तपासणी झाल्यावर औषधाच्या रांगेत न लागता परतीची गाडी धरतात, हे दोन-चार दिवस नुसते मोजलेस तरी तुझे अर्थशास्त्र आणि जीवशास्त्र एका जागी येतील.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचेच उदाहरण घे. विदर्भात त्याचे प्रमाण मोठे आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच तो बदल, आणि तो बारावीच्या पुस्तकात आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये त्यावरील क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राच्या उपचाराला मान्यता दिली, त्याची तेथील किंमत वीस लाख डॉलरच्या घरात आहे. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्याकडे २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करण्याचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, ज्याचा भर तपासणी आणि समुपदेशनावर आहे. यांपैकी कशावर किती पैसा खर्चावा हा प्रश्न डॉक्टर जितका सोडवतो तितकाच अर्थशास्त्रज्ञही. सार्वजनिक आरोग्य हा तुझा मुख्य विषय होऊ शकतो, ही शक्यता तुझ्या प्रश्नात कोठेच दिसली नाही म्हणून मुद्दाम सांगितले. डॉ. अभय बंग यांनी नागपुरात एमबीबीएस आणि एमडी केले, मग जॉन्स हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकले आणि परत येऊन गडचिरोलीत काम उभे केले. तो क्रम तुझ्या उलट आहे, पण जोड तीच आहे.

मेडिकलचौक_डॉक्टर

मॅडम, नीटविषयी आपण म्हणता ते मान्य. एकच पुस्ती जोडतो : भारतीय नागरिकाने वैद्यकीय पदवी परदेशात घेतली आणि पुढे भारतात प्रॅक्टिस करायची झाली, तर नीट पात्रता असावी लागते. तेव्हा यंदाचे नीटचे गुणपत्रक जपून ठेवावे आणि त्या पात्रतेची मुदत किती हे वेळोवेळी पाहावे.

धरमपेठ_ते_ओहायो

माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे पासपोर्टचा मुद्दा माझ्या उत्तरात आला नाही; सरांनी तो मांडला हे बरे झाले. विषयांच्या यादीबाबत मात्र मत तेच आहे : तुम्ही लिहिलेले चार विषय तसेच ठेवा, जीवशास्त्र दुसऱ्या सत्रात घ्या. मेडिकलचा विचार गळून पडला तरी त्यांतील एकही विषय वाया जात नाही, कारण अर्थशास्त्राला कॅल्क्युलस लागतेच आणि रसायनशास्त्र विज्ञानाच्या सक्तीच्या विषयात मोजले जाते.

व्हिसाच्या दृष्टीने दोन बाबी पाळा. एफ-१ वर असताना प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिट असावेच लागतात. एखादा विषय जड गेला म्हणून मध्येच सोडला तर गुणपत्रकावर फक्त डब्ल्यू (विषय सोडल्याची नोंद) येतो आणि त्याने फारसे बिघडत नाही, पण त्यामुळे क्रेडिट बाराच्या खाली गेले तर व्हिसाच धोक्यात येतो. म्हणून सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा. आणि पुढे मुख्य विषय जाहीर केलात की त्याच कार्यालयाला कळवून आय-२० मध्ये, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या प्रमाणपत्रात, बदल करून घ्या. तो विषय त्यांच्या यादीत स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात मोडतो की नाही, हे जाहीर करण्याआधी तपासा, कारण पदवीनंतर काम करण्याची परवानगी एरवी १२ महिन्यांची असते आणि स्टेम असल्यास आणखी २४ महिने वाढवून मिळते. काही विद्यापीठांत साधे अर्थशास्त्र स्टेममध्ये येत नाही, पण गणिती अर्थशास्त्र येते.

त्रिमूर्तीनगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे नीटचे गुण विषयवार काढून पाहिले. भौतिकशास्त्रात सर्वांत कमी आहेत, पण रसायनशास्त्रातही फार बरे नाहीत. आईने वरची सगळी उत्तरे वाचली असून ड्रॉपचा विषय तूर्त मागे पडला आहे, मात्र सल्लागाराचे उत्तर येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये असे तिचे म्हणणे आहे. एफ-१ विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचा प्रश्न सरांनी लिहिला तशाच शब्दांत काल रात्री ई-मेल केला. उत्तर आले की येथे देईन.